जमिनीखालचं गरम पाणी कधी थंड होणार? द्रवप्रवाह आणि उष्णता यांच्या समीकरणांचं 'समांगीकरण' म्हणजे नेमकं काय

पॅरिसच्या आग्नेयेला मेलाँ नावाचं शहर आहे. १९६९ मध्ये तिथे दोन खोल बोअर मारण्यात आले. एका बोअरमधून जमिनीखालचं गरम, खारट पाणी वर काढायचं, त्याची उष्णता इमारती गरम ठेवायला वापरायची आणि निवलेलं पाणी दुसऱ्या बोअरमधून परत त्याच खडकात सोडायचं, अशी ही योजना. पाणी इतकं खारट की ते नदीत सोडणं शक्यच नव्हतं. पुढे हाच नमुना सगळ्या पॅरिस परिसरात पसरला. आज तिथे अशा बोअरच्या पन्नासेक जोड्या चालू आहेत. दीड ते दोन किलोमीटर खोल असलेल्या 'डॉगर' नावाच्या चुनखडीच्या थरातून ५५ ते ८५ अंश सेल्सिअसचं पाणी त्या उपसतात.

या सगळ्या योजनेचा जीव एका प्रश्नात अडकलेला असतो. दुसऱ्या बोअरमधून आत सोडलेलं थंड पाणी हळूहळू पहिल्या बोअरकडे सरकतंय. ते किती वर्षांनी पोहोचेल? सात वर्षांत पोहोचणार असेल तर बोअरचा खर्चही निघणार नाही. पस्तीस वर्षं लागणार असतील तर एक पिढी निश्चिंत. बोअर मारून झाल्यावर दोघांमधलं अंतर बदलता येत नाही, त्यामुळे हे उत्तर आधीच कागदावर काढावं लागतं.

आता गंमत अशी की यासाठी लागणारी समीकरणं दीडशे-दोनशे वर्षांपासून माहीत आहेत. उष्णता कशी पसरते हे जोसेफ फूरिए यांनी १८२२ च्या ग्रंथात मांडलं. द्रव कसा वाहतो याची समीकरणं क्लोद-लुई नाव्हिए यांनी १८२२ मध्ये आणि जॉर्ज स्टोक्स यांनी १८४५ मध्ये दिली. मग अडलंय कुठे?

अडलंय ते खडकातल्या छिद्रांपाशी. पाणी पोकळीतून वाहत नाही, ते खडकाच्या कणाकणांमधल्या बारीक वाटांनी वाट काढतं. छिद्राचं माप ०.१ मिलिमीटर धरलं तर एका घनमीटर खडकात एक लाख कोटी छिद्रं बसतात. समीकरण प्रत्येक छिद्रात लिहायचं, प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर पाण्याचा वेग शून्य ठेवायचा, कणाच्या आतली उष्णता वेगळी मोजायची. आणि हे एका घनमीटरसाठी नाही, काही कोटी घनमीटरसाठी करायचं. कुठलाही सुपरकॉम्प्युटर हे करत नाही. उद्याचाही करणार नाही.

म्हणून गणितज्ञ वेगळा रस्ता धरतात. छिद्रांची संख्या वाढत वाढत अनंताकडे गेली आणि माप शून्याकडे गेलं, तर समीकरणाचं शेवटी काय होतं, हे ते शोधतात. शेवटी जे समीकरण उरतं त्यात छिद्रं दिसत नाहीत, पण छिद्रांचा परिणाम मात्र शिल्लक असतो. या पद्धतीला होमोजनायझेशन, मराठीत समांगीकरण, म्हणतात.

दुधाच्या पिशवीवरचा शब्द, पण अर्थ वेगळा

'होमोजिनाइज्ड' हा शब्द दुधाच्या पिशवीवर असतो. तिथे स्निग्धांशाचे गोळे खरोखरच फोडून बारीक करतात, म्हणून साय वर येत नाही. गणितातल्या समांगीकरणात खडकाला कोणी हात लावत नाही. खडक आहे तसाच विषमांगी राहतो. त्याच्याऐवजी एक काल्पनिक समांगी पदार्थ शोधायचा असतो, जो लांबून पाहिल्यावर अगदी त्या खडकासारखाच वागेल. गणितात हा शब्द रूढ करण्याचं श्रेय सहसा इव्हो बाबुश्का यांना दिलं जातं. काळ १९७० च्या दशकाचा.

त्याआधी भौतिकशास्त्रज्ञ अशा गोष्टी अंदाजाने करतच होते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये, एका पदार्थात दुसऱ्या पदार्थाचे गोळे विखुरलेले असतील तर एकूण वाहकता किती, याचं सूत्र काढलं होतं. मात्र 'हे सूत्र केव्हा खरं आणि केव्हा खोटं' हे सिद्ध करणारं यंत्र हाताशी नव्हतं. ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीत आणि फ्रान्समध्ये तयार झालं. सर्जिओ स्पान्योलो आणि एन्नियो दे जॉर्जी यांनी इटलीत पाया घातला. फ्रान्समध्ये फ्रांस्वा म्युरा आणि लुक तार्तार यांनी तो वाढवला. १९७८ मध्ये आलं बेन्सूसान, लिओन्स आणि पापानिकोलाऊ या तिघांचं पुस्तक, ज्याला या विषयात आजही पहिला संदर्भ मानतात.

सरासरी काढली की झालं, असं का नाही?

पहिला विचार कोणाच्याही मनात हाच येतो. खडकाची वाहकता इतकी, पाण्याची इतकी, दोन्हीची सरासरी काढा आणि वापरा.

ट्रायप्लाय कढईचं उदाहरण घ्या. स्टील आणि ॲल्युमिनियम यांचे थर एकमेकांवर दाबून ती बनवतात. स्टेनलेस स्टीलची उष्णतावाहकता साधारण १५, ॲल्युमिनियमची सुमारे २३५ (वॅट प्रतिमीटर प्रतिअंश या एककात). हिशेब सोपा व्हावा म्हणून दोन्ही धातू निम्मे निम्मे धरू. उष्णता कढईच्या तळावर आडवी पसरत असेल तर ती ॲल्युमिनियममधून सुसाट निघते आणि एकूण वाहकता येते १२५, म्हणजे साधी सरासरी. पण गॅसकडून भाजीकडे, म्हणजे थर ओलांडून उभी जायची असेल तर तिला स्टीलमधून जावंच लागतं. मग एकूण वाहकता येते फक्त २८. गणितात याला हरात्मक सरासरी म्हणतात.

एकच कढई, तेच धातू, तेच प्रमाण. आडवं १२५ आणि उभं २८. शिवाय स्टील किंवा ॲल्युमिनियम यांपैकी एकालाही दिशेचा फरक कळत नाही. तो फरक रचनेतून आला. म्हणजे कोणता पदार्थ किती टक्के आहे एवढं माहीत असून भागत नाही. तो कसा रचलाय हे कळल्याशिवाय आकडा काढताच येत नाही. समांगीकरणाचा सगळा खटाटोप या एका गोष्टीसाठी आहे.

एका खणाचं गणित

थरांचा हिशेब हाताने होतो. कणांच्या गर्दीचा होत नाही. त्यासाठीची पद्धत अशी.

खडक हा फरशीच्या नक्षीसारखा आहे असं मानायचं. एक छोटा खण, त्यात एक कण आणि भोवती छिद्र. तोच खण सगळीकडे पुन्हा पुन्हा. खणाचं माप भागिले सगळ्या क्षेत्राचं माप, या गुणोत्तराला एप्सिलॉन म्हणतात. ०.१ मिलिमीटरचा खण आणि एक किलोमीटरचं क्षेत्र असेल तर एप्सिलॉन येतो एक कोटीत एक.

मग तापमान हे दोन पत्त्यांवर अवलंबून आहे असं लिहायचं. एक पत्ता मोठ्या नकाशावरचा: बोअरपासून किती दूर. दुसरा पत्ता खणातला: कणाच्या आत की बाहेर, कडेला की मधे. पोस्टाच्या पत्त्यात जसा गाव वेगळा आणि घर क्रमांक वेगळा. हे लिहून समीकरणात घातलं की एप्सिलॉनच्या घातांनुसार पदं वेगळी होतात. सर्वांत मोठ्या पदातून कळतं की एका खणाच्या आत तापमान जवळपास एकच असतं. त्यापुढच्या पदातून एक छोटं समीकरण मिळतं, जे फक्त एका खणात सोडवायचं असतं. ते एकदा सोडवलं की त्याच्या उत्तरातून सगळ्या खडकाची परिणामी वाहकता निघते. लाख कोटी खणांऐवजी एक खण! साधा लॅपटॉप पुरतो.

फक्त ही मांडणी म्हणजे सिद्धता नव्हे. एप्सिलॉन शून्याकडे जाताना खरं उत्तर खरोखर या उत्तराकडे जातं का, हे वेगळं दाखवावं लागतं. त्यासाठी आज सर्वाधिक वापरलं जाणारं साधन कॅमेरूनचे गणितज्ञ गाब्रिएल न्गेत्सेंग यांनी १९८९ मध्ये दिलं आणि ग्रेगवार अलेर यांनी १९९२ मध्ये विस्तारलं. त्याचं नाव 'टू-स्केल कन्व्हर्जन्स', म्हणजे दोन मापांवरचं अभिसरण. मोठा पत्ता आणि छोटा पत्ता दोन्ही न हरवता मर्यादेपर्यंत कसं जायचं, हे ते सांगतं.

परिशिष्टात सापडलेला नियम, परिशिष्टात मिळालेली सिद्धता

आता पाण्याकडे. उष्णतेच्या समीकरणाचं समांगीकरण केलं की पुन्हा उष्णतेचंच समीकरण मिळतं, फक्त आकडे बदलतात. पाण्याचं तसं होत नाही. तिथे समीकरणाची जातच बदलते.

हेन्री डार्सी हे फ्रान्समधल्या दिजाँ शहराचे अभियंता. १८४० मध्ये त्यांनी बारा किलोमीटरहून लांबच्या झऱ्याचं पाणी शहरात आणलं. नंतर वाळूचे गाळणे कसे बांधावेत हे ठरवण्यासाठी त्यांनी वाळू भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून मोजमापं घेतली. निष्कर्ष सरळ होता. प्रवाह हा दोन टोकांमधल्या दाबाच्या फरकाच्या प्रमाणात वाढतो आणि वाळूच्या थराच्या लांबीच्या प्रमाणात कमी होतो. १८५६ मध्ये दिजाँच्या सार्वजनिक पाणीपुरवठ्यावरच्या जाडजूड पुस्तकाच्या परिशिष्टात हा नियम छापून आला. आज जगभरातलं भूजलशास्त्र त्या परिशिष्टावर उभं आहे.

स्टोक्सचं समीकरण पाहिलं तर त्यात चिकटपणा, दाब, वेगातला बारीकसारीक बदल असं सगळं असतं. डार्सीचा नियम म्हणजे नुसता एक गुणाकार. एका समीकरणातून दुसरं खरंच निघतं का? समांगीकरणाने दाखवलं की निघतं. कणांच्या पृष्ठभागावर पाणी चिकटून राहतं, त्यामुळे घर्षण इतकं होतं की वेगाचं सगळं बारीक गणित खणाच्या आत जिरून जातं आणि बाहेर उरतो डार्सीचा नियम. काटेकोर सिद्धता तार्तार यांनी दिली. ती १९८० मध्ये एन्रिके सांचेझ-पालेन्सिया यांच्या पुस्तकाचं परिशिष्ट म्हणून प्रसिद्ध झाली. नियम परिशिष्टात, सिद्धताही परिशिष्टात, आणि मधे १२४ वर्षं.

या सिद्धतेतून एक उपयोगी गोष्टही हाती लागते. खडकाची पार्यता, म्हणजे पाणी जाऊ देण्याची क्षमता, खणाच्या मापाच्या वर्गानुसार बदलते. पोकळीची टक्केवारी तेवढीच ठेवून छिद्रं दहापट बारीक केली तर प्रवाह शंभरपट घटतो. वाळूत ओतलेलं पाणी क्षणात खाली जातं आणि काळ्या चिकण मातीवर तळं साचतं, तेव्हा मातीत पोकळी कमी असते असं नाही. पोकळी पुष्कळ असते, पण ती फार बारीक असते.

दोन समीकरणं एकमेकांत गुंतली की

इथवर पाणी वेगळं आणि उष्णता वेगळी होती. खडकात मात्र ती एकमेकांना सोडत नाहीत. पाणी उष्णता वाहून नेतं, आणि उष्णता पाण्याचा स्वभाव बदलते. ७० अंशांवर पाण्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे चिकटपणा, ०.४० मिलिपास्कल-सेकंद असते. ४० अंशांवर ०.६५. म्हणजे परत सोडलेलं पाणी खडकातल्या पाण्याच्या दीडपटीहून जास्त चिकट. बोअरभोवती जसजसा थंड भाग वाढतो तसतसा पाणी आत ढकलायला जास्त दाब लागतो.

ही बाजू सुदैवाने सोपी सुटते. एका खणात तापमान जवळपास एकच असतं हे वर आलंच. म्हणजे खणापुरती व्हिस्कॉसिटीही एकच. त्यामुळे पार्यता फक्त छिद्रांच्या आकारावरून काढायची आणि त्या त्या ठिकाणच्या तापमानाची व्हिस्कॉसिटी बाहेरून भागायची. अभियंते हे आधीपासून करत होते. ते बरोबर होतं, असा दाखला गणिताने दिला.

दुसरी बाजू चकवते. पाणी उष्णता वाहून नेतं, म्हणजे समीकरणात वेग आणि तापमान यांचा गुणाकार येतो. आणि गुणाकाराची सरासरी ही सरासरींचा गुणाकार नसते. दोनच वाटा आहेत असं समजा. एकीत पाण्याचा वेग ३ आणि तापमान ६०, दुसरीत वेग १ आणि तापमान ४०. सरासरी वेग २, सरासरी तापमान ५०, गुणाकार १००. पण प्रत्यक्षात पहिली वाट १८० नेते आणि दुसरी ४०, म्हणजे सरासरी ११०. जलद वाट तीच गरम वाट असल्यामुळे हे वरचे दहा आले. जलद वाट थंड असती तर उलट घट झाली असती. सरासऱ्या वापरणाऱ्याला हे दहा कधीच दिसणार नाहीत.

हे हरवलेले दहा कुठे जातात ते जी. आय. टेलर यांनी १९५३ मध्ये एका बारीक नळीसाठी मोजून दाखवलं. नळीत मधलं पाणी जलद, कडेचं संथ. त्यामुळे पाण्यात सोडलेला रंग केवळ वाहत पुढे जात नाही, लांबत आणि पसरत जातो, जणू त्याची पसरण्याची क्षमता वाढली आहे. वाढ किती, हे एका संख्येवर ठरतं: वेग गुणिले नळीची त्रिज्या भागिले मूळची पसरण्याची क्षमता. या संख्येचा वर्ग भागिले ४८, इतकी जास्तीची भर. संख्या १० असेल तर पसरणं तिप्पट होतं, १०० असेल तर दोनशेपटीहून जास्त. प्रवाह आणि उष्णता यांच्या एकत्रित समांगीकरणात हीच भर आपोआप बाहेर येते. कोणाला ती वेगळी आठवून घालावी लागत नाही.

मग पॅरिसच्या खडकात ती किती? दोन बोअरच्या मध्यावर पाणी दिवसाला साधारण एक मीटर सरकतं असं धरा आणि छिद्राची त्रिज्या ०.०५ मिलिमीटर. उत्तर येतं दहा लाखांत एका भागाहूनही कमी. म्हणजे छिद्रांच्या पातळीवर ही भर खुशाल विसरावी. इतका आटापिटा करून हाती शून्य, असं वाटेल. पण हे शून्य मोजून मिळालेलं आहे, गृहीत धरलेलं नाही. आणि छिद्रांच्या वरच्या पातळीवर, खडकाच्या थरांमध्ये, गोष्ट पूर्ण उलटते.

एक तापमान की दोन?

डॉगरच्या थरात पाणी सगळ्या जाडीतून सारखं वाहत नाही. शंभरेक मीटर जाडीत पाणी देणारे थर मोजकेच, एकूण वीसेक मीटरचे, आणि त्यांच्या मधे घट्ट खडक. हिशेबासाठी ठोकळ आकडे घेऊ. बोअरमधलं अंतर एक किलोमीटर, पाणी देणारी जाडी २० मीटर, पोकळी १५ टक्के, उपसा तासाला २०० घनमीटर, तोही वर्षभर अखंड.

या आकड्यांवर आत सोडलेलं पाणी पहिल्या बोअरशी पोहोचायला दोन वर्षंसुद्धा लागत नाहीत. मात्र पाणी पोहोचलं म्हणजे थंडी पोहोचली असं नाही. वाटेतला खडक गरम आहे आणि तो पाण्याला गरम करत राहतो. एका घनमीटर खडकात एका अंशामागे पाण्याच्या साधारण निम्मी उष्णता साठते, आणि खडक पाण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. हे धरलं की थंडी पोहोचायला सात वर्षं लागतात.

यात फक्त पाणी देणाऱ्या २० मीटरचाच खडक धरलाय. मधल्या घट्ट खडकाचीही उष्णता पाण्याला मिळत असेल, आणि शंभर मीटरचा सगळा पट्टा एकाच तापमानाचा मानला, तर उत्तर होतं छत्तीस वर्षं.

सात की छत्तीस? दोन्ही उत्तरं समांगीकरणातूनच आली आहेत. फरक एवढाच की 'खण' म्हणून काय धरलं. निवाडा करायचा तर उष्णतेला खडकात किती वेळ लागतो ते पाहावं लागतं. खडकात उष्णता पसरण्याचा वेग सेकंदाला साधारण एक चौरस मिलिमीटर. म्हणजे ०.१ मिलिमीटरचा कण तापायला सेकंदाचा शंभरावा भाग. एक मीटर आत शिरायला अकरा-बारा दिवस. दहा मीटरला तीन वर्षं. तीस मीटरला अठ्ठावीस वर्षं. अंतर दुप्पट की वेळ चौपट, असा हा मामला आहे.

कणांच्या बाबतीत म्हणून शंकाच नाही: कण आणि पाणी यांचं तापमान एकच. थरांचं काय? पाणी देणारे चार थर आणि त्यांच्या मधे सत्तावीस-सत्तावीस मीटरचा घट्ट खडक असेल, तर मधल्या खडकाच्या मध्यापर्यंत अंतर तेरा-साडेतेरा मीटर, आणि वेळ साडेपाच-सहा वर्षं. सात वर्षांच्या तुलनेत हे फार आहे, छत्तीसच्या तुलनेत थोडं. म्हणजे खरं उत्तर छत्तीसच्या बाजूला झुकणार, पण पूर्ण तिथे पोहोचणार नाही. घट्ट खडक पाण्याच्या मागे मागे, काही वर्षांच्या उशिराने थंड होत जाणार.

हा उशीर समीकरणात कसा येतो, याचंही गणित आहे. एका भागाची वाहकता दुसऱ्याच्या मानाने एप्सिलॉनच्या वर्गाइतकी लहान धरली, तर मर्यादेत एक तापमान उरत नाही. दोन उरतात, एक वाहत्या पाण्याचं आणि एक अडलेल्या खडकाचं. दुसरं तापमान काढून टाकलं तर पहिल्याच्या समीकरणात 'स्मृती' शिरते: आज काय होणार हे गेल्या काही वर्षांत काय झालं त्यावर ठरतं. मूळ समीकरणांत अशी स्मृती कुठेच नव्हती. भेगाळलेल्या खडकातल्या प्रवाहासाठी अशा मांडणीची काटेकोर सिद्धता अर्बोगास्ट, डग्लस आणि होर्नुंग यांनी १९९० मध्ये दिली.

खडकाच्या वरून-खालून मिळणारी उष्णता धरून बोअरच्या जोडीचं आयुष्य काढण्याची पद्धत ग्रिंगार्टन आणि सोटी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच दिली होती. पुढे अनुभवही त्याच बाजूने आला. पॅरिस परिसरातल्या अनेक जोड्या तीसहून जास्त वर्षं चालल्या, तरी त्यांच्या पाण्याच्या तापमानात मोठी घट दिसली नाही. त्यांतल्या कित्येकांना थंडीने नाही, गंजाने आणि पाइपात साचणाऱ्या थरांनी छळलं. खाऱ्या पाण्यापुढे कुठलंच समीकरण चालत नाही.

'कुठून तरी आलेलं' एक पद

कणांचं माप बदललं की नियमच बदलतो, याचं सर्वांत चमत्कारिक उदाहरण १९८२ मध्ये दोइना चिओरानेस्कु आणि म्युरा यांनी दिलं. लेखाचं नाव होतं 'कुठून तरी आलेलं एक विचित्र पद', अशा अर्थाचं. गणिताच्या लेखाला इतकं प्रामाणिक शीर्षक क्वचितच मिळतं.

पाण्यात खडे पसरलेत आणि दोन खड्यांमधलं अंतर एप्सिलॉन आहे असं माना. खडे एप्सिलॉनच्या घनापेक्षाही फार बारीक असतील तर पाण्याला त्यांचा पत्ताच लागत नाही, स्टोक्सचं समीकरण जसंच्या तसं राहतं. त्याहून मोठे असतील तर डार्सीचा नियम. आणि बरोबर घनाइतके असतील तर स्टोक्सच्या समीकरणात घर्षणाचं एक नवं पद येऊन बसतं. हेच समीकरण एच. सी. ब्रिंकमन यांनी १९४० च्या दशकात भौतिक अंदाजाने लिहिलं होतं. ते नेमकं केव्हा लागू होतं हे अलेर यांच्या कामातून स्पष्ट झालं: कण फार विरळ असताना. दाट भरलेल्या खडकाला ब्रिंकमनचं समीकरण सरसकट लावण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते, तिला हा आधार मिळत नाही.

खडक फरशीसारखा नसेल तर?

नसतोच. खऱ्या खडकात एकही खण दुसऱ्यासारखा नसतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रशियात कोझलोव्ह यांनी, आणि अमेरिकेत पापानिकोलाऊ आणि एस. आर. एस. वरदन यांनी दाखवलं की रचना यादृच्छिक असली, पण तिचा यादृच्छिकपणा सगळीकडे एकाच जातीचा असला, तरी समांगीकरण चालतं. चेन्नईत जन्मलेल्या वरदन यांना पुढे २००७ चं आबेल पारितोषिक मिळालं, ते संभाव्यताशास्त्रातल्या व्यापक कामासाठी. भारतात या विषयाची परंपरा बंगळुरूत रुजली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तिथल्या केंद्रात एस. केशवन आणि एम. वन्निनाथन यांनी समांगीकरणावर दीर्घकाळ काम केलं.

पण 'सगळीकडे एकाच जातीचा' ही अट मोडली की गणित थांबतं. याचं उदाहरण कोकणात आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीतलं उन्हवरे, संगमेश्वरजवळचं तुरळ ही गरम पाण्याची कुंडं पश्चिम किनाऱ्याच्या पट्ट्यात आहेत. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगांतून वर येतं. प्रवाह आणि उष्णता यांची जोडी इथेही तीच. पण बेसाल्टमधलं पाणी मुख्यतः मोजक्या भेगांतून धावतं. एखादी भेग शेकडो मीटर लांब असेल तर तिला छोटा खण कसं म्हणणार? एप्सिलॉन लहान उरतच नाही. अशा ठिकाणी मोठ्या भेगा एकेक करून मॉडेलमध्ये काढाव्या लागतात आणि उरलेल्या बारीक भेगांचंच समांगीकरण करता येतं. शेजारच्या दोन शेतांत, सारख्याच खोलीवर, एका बोअरला पाणी आणि दुसरा कोरडा, हा अनुभव महाराष्ट्रात कोणालाही नवा नाही. तिथे सरासरी पार्यता सांगून शेतकऱ्याचं काहीच भागत नाही.

खुद्द बोअरच्या भिंतीपाशीही अशीच अडचण येते. तिथे तापमान आणि दाब काही सेंटिमीटरमध्ये झपाट्याने बदलतात, त्यामुळे समांगीकरणाचं उत्तर किंचित चुकतं. ते दुरुस्त करायला कडेपुरतं एक वेगळं समीकरण जोडतात, ज्याचा परिणाम आत जाताना लगेच विरतो. बोअर वाकडातिकडा असेल आणि खडकाचे थर त्याला तिरके येत असतील, तर ही दुरुस्ती कशी करायची यावर आजही शोधनिबंध लिहिले जातात.